भामरेची हिरवी खूण

विलास भामरेचे हात स्वच्छ होते. तो मला पहिल्यांदा खटकला तो त्यामुळेच.

नाशिकच्या पेठ रोडवरच्या आमच्या गॅरेज लायनीत स्वच्छ हातांची माणसं दोनच प्रकारची येतात. एक गाडी सोडायला आलेलं गिऱ्हाईक आणि दुसरा विमा कंपनीचा सर्व्हेअर. बाकी आम्ही सगळे काळे. माझं इथे डिझेलचे पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. आधी वडिलांचं होतं, आता माझं आहे. लग्नकार्याला जायचं असलं की मी नखं लिंबाने घासते आणि तरी अक्षता टाकताना शेजारची बाई माझ्या बोटांकडे बघतेच. भामरेची बोटं मात्र गोरी, लांब, नखं कापलेली. करंगळीचं तेवढं वाढवलेलं.

हात स्वच्छ आणि कीबोर्ड घाण, असा तो मामला होता. त्याच्या लॅपटॉपच्या बटणांच्या फटीत सुपारीचा भुगा बसलेला असे. टेबलाखाली कूलंटचा एक रिकामा कॅन तोंड कापून ठेवलेला, त्यात तो थुंकायचा. काठोकाठ भरल्याशिवाय तो कॅन कधी रिकामा होत नसे. गिऱ्हाइकाला स्क्रीन दाखवायची वेळ आली की भामरे आधी अंगठा जिभेला लावायचा आणि स्क्रीनवरून आडवा फिरवायचा. त्या ओल्या पट्ट्यातून गिऱ्हाईक आपल्या गाडीची तब्येत वाचायचं. मी पाच-सहा वर्षं त्याची शेजारीण होते. एवढ्या काळात तो अंगठा मी किती वेळा पाहिला असेल देव जाणे, पण सवय झाली नाही. काही गोष्टींची होऊ नये.

त्याचा धंदा काय, ते सांगते. हल्लीच्या डिझेल गाडीत किती डिझेल, कोणत्या क्षणी, किती दाबाने फवारायचं हे एक डबी ठरवते. इंजिनाचा कंप्युटर म्हणा. त्या डबीतला हिशेब बदलला की तीच गाडी जास्त जोर काढते. आमच्याकडे याला ‘फाईल टाकणं’ म्हणतात. भामरे फाईल टाकायचा. मालवाहू पिकअप हे त्याचं खास गिऱ्हाईक, आणि दिंडोरीचे द्राक्षवाले त्याच्यावर फिदा. माल भरून घाट चढायचा, पहाटेच्या बाजाराला वाशीत पोचायचं, त्यात गाडी कण्हायला लागली की माणूस काहीही करायला तयार होतो. भामरेकडे तीन फायली होत्या. साधी, स्पेशल आणि वाघ. साधी कुणीच घेत नसे.

वाघ फाईल टाकलेली गाडी सुरू झाली की लायनीला कळायचं. एकदा मी डबा उघडून बसले होते. मेथीची भाजी, भाकरी, कांदा. शेजारी भामरेने कुणाच्यातरी गाडीचा ॲक्सिलरेटर तळाला दाबला. काळा लोट सरळ माझ्या शटरमधून आत आला, आणि पांढऱ्या भाकरीवर काजळीचे ठिपके बसले. मी भाकरी तशीच हातात घेऊन त्याच्या दारात गेले.

“भामरे, हे काय?”

“पॉवर आहे ताई,” तो हसत म्हणाला. “धूर म्हणजे पॉवर.”

“धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. जे जळलंच नाही त्याची पॉवर कुठून येणार?”

“तुम्ही फार विचार करता. एक पेढा घ्या.”

हा पेढा हेही त्याचं एक प्रकरण. प्रत्येक फाईल टाकून झाली की तो गिऱ्हाइकाला पेढा द्यायचा आणि डावी-उजवीकडच्या दोन दुकानांत पाठवायचा. मूल झाल्यासारखा. माणसं माझ्याकडून जाताना चेहरा पाडून जायची, कारण मी सांगायची की दोन इंजेक्टर गेलेत, टाकी साफ करा, फिल्टर स्वस्तातला लावू नका. त्याच्याकडून जाताना तोंड गोड करून जायची. रफीकभाई, म्हणजे समोरचे ऑटो इलेक्ट्रिशियन, मला म्हणायचे, “ताई, तुम्ही पण काही ठेवा ना काउंटरवर. निदान खडीसाखर.”

आता त्याच्या यंत्रांविषयी. कारण भामरे म्हणजे त्याची तीन यंत्रं, त्यांच्याशिवाय भामरे उरत नाही.

गाडीतली खोड वाचणारी यंत्रं आमच्या धंद्यात सगळ्यांकडे असतात. माझ्याकडेही आहे, रोज लावते. गाडीच्या स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिथे ते जोडायचं, मग इंजिनाचा कंप्युटर आपल्या तक्रारी सांगतो. चांगलं यंत्र कुठे बघायचं ते सांगतं. काय झालंय ते आपण हात घालून शोधायचं असतं. दाब कमी आहे असं यंत्राने सांगितलं, तर पंप गेला असेल, इंजेक्टर गळत असेल, किंवा नुसता फिल्टर तुंबला असेल. ते उघडल्याशिवाय कळत नाही. एवढी साधी गोष्ट.

भामरेकडे तीन होती, थोरली, मधली आणि धाकटी. नावं त्यानेच ठेवलेली. थोरली पिवळ्या पेटीतली, रबरी कडांची, दिसायला रुबाबदार. चिनी नक्कल होती. तिच्यात आपल्याकडच्या पिकअप नव्हत्याच, म्हणून तो जवळपासची कुठलीतरी परदेशी गाडी निवडायचा, आणि थोरली मग नसलेल्या भागांच्या तक्रारी करायची. एअरबॅग नसलेल्या गाडीची एअरबॅग बिघडलेली. मधली म्हणजे लॅपटॉप आणि एक जाडी केबल. फाईल टाकायची ती तिनेच. आणि धाकटी काडेपेटीएवढी. ती खाचेत खुपसली की फोनशी बोलायची. तिला फक्त धुराशी संबंधित चार तक्रारी वाचता येत. त्या नसल्या की फोनवर मोठी हिरवी बरोबरची खूण यायची आणि ‘टिंग’ वाजायचं.

सुरुवातीला मला वाटलं, हा तिन्ही लावून ताडून बघतो. वा, म्हटलं. मग लक्षात आलं की एका गाडीला तो एकच लावतो, आणि कोणतं लावायचं ते गाडीकडे बघून नाही, माणसाकडे बघून ठरवतो. ज्याला घाबरवायचं त्याला थोरली. पंधरावीस लाल ओळी बघून माणूस घाम पुसायचा आणि भामरे एका बटणाने त्या सगळ्या पुसायचा. त्या पुन्हा यायच्याच, कारण त्या त्या गाडीच्या नव्हत्याच. आणि ज्याला गाडी विकायची असेल त्याच्या गाडीला धाकटी. हिरवी खूण, टिंग, पेढा. कुणाला काय दाखवायचं हीच त्याची विद्या होती. दसऱ्याला सगळी लायन पान्हे, जॅक, व्हाइस घासून पुसून मांडते, झेंडू वाहते. भामरेच्या पाटावर तीन यंत्रं असायची. हळद-कुंकू, आपट्याची पानं, सगळं व्यवस्थित. पान्हा एकही नाही. पूजा झाली की लॅपटॉपवरचं कुंकू तो अंगठा ओला करून पुसायचा.

त्याच्याकडचं सॉफ्टवेअर अर्थातच चोरीचं होतं. त्याची मुदत कधीच संपली होती. ते चालावं म्हणून त्याने लॅपटॉपचं घड्याळ काही वर्षं मागे नेऊन तिथेच थांबवलं होतं. त्यामुळे तो जो रिपोर्ट छापून द्यायचा त्यावर जुनीच तारीख. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातले एक गृहस्थ जुनी गाडी घेत होते. त्यांनी चष्मा वर करून कागद वाचला.

“अहो, या तारखेला ही गाडी कारखान्यातून बाहेरसुद्धा पडली नव्हती.”

“म्हणूनच तर एकही फॉल्ट नाही सर,” भामरे म्हणाला.

गृहस्थ इतके हसले की गाडी घेऊन गेले. तेव्हा मीही हसले होते. तो बोलायला गोड होता, हे कबूल करायला हवं. गिऱ्हाइकावर ओरडला नाही कधी. कुणी रागाने आलं तरी खुर्ची पुढे करायचा. तो मूळचा सटाण्याकडचा. त्या बाजूचं कुणी आलं की लगेच अहिराणीत शिरायचा आणि मग समोरच्याची तक्रार निम्मी विरघळायची. एकदा बागलाणातला एक कांदेवाला आला. म्हणाला, वाघ नको, डिझेल फार पितोय, माझी कंपनीची मूळ फाईल परत टाक. भामरेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“अरे भाऊ, गाडी भलती पळी ऱ्हायनी ना? मंग मांगे कसाले जास?”

कांदेवाला विरघळला. पण मी मागे चहाचा कप घेऊन उभी होते आणि मला स्क्रीन दिसत होती. मूळ फाईल परत टाकायला ती जपून ठेवावी लागते. प्रत्येक गाडीची वेगळी, गाडीच्या नंबरासकट. भामरेच्या लॅपटॉपवर न्यू, न्यू वन, न्यू फायनल, फायनल ओके, अशा नावांच्या फायलींची रांग होती. कोणती कुणाची, ते त्यालाही माहीत नव्हतं. म्हणजे त्याच्याकडे येणारी गाडी त्याच्या हातून पुन्हा पहिल्यासारखी कधीच होणार नव्हती, आणि हे तो पेढा देताना सांगत नव्हता.

ही घाण मला त्या कॅनपेक्षा जास्त वाटली.

तरीही इथवर तो मला नुसता गलिच्छ शेजारी होता. काशिनाथच्या गाडीनंतर तसा राहिला नाही.

काशिनाथ पेठकडचा, एका पाड्यावरचा. दिंडोरीच्या बागायतदारांच्या पिकअप चालवत त्याची उमर गेली. मालकांच्या गाड्या घेऊन माझ्याकडे यायचा, बेंचजवळ उकिडवा बसून काम बघायचा आणि कमी बोलायचा. एक दिवस जुन्या गाड्यांच्या दलालाबरोबर आला. पांढरी पिकअप, बाहेरून चकाचक. काशिनाथने दारावरून हात फिरवला, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

“ताई, घेऊ म्हणतो. सोताची. बघा जरा.”

मी माझं यंत्र लावलं. एकही तक्रार नव्हती आणि ते मला आवडलं नाही. एवढी वापरलेली गाडी इतकी कोरी नसते. यंत्राने हेही दाखवलं की तक्रारी नुकत्याच कुणीतरी पुसल्यात. मग बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं. रेडिएटरच्या पाण्याच्या डबीत बुडबुडे येत होते. हे बुडबुडे वाईट. सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय, म्हणजे हेडखालचं, इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं, पॅकिंग गेलंय किंवा हेडला चीर आहे. असं इंजिन सपाटीवर कसंबसं चालतं आणि घाटात तापतं.

“आज इथे सोड,” मी म्हटलं. “उद्या सकाळी गार इंजिन सुरू करून बघते.”

दलाल म्हणाला, “मॅडम, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय माझं.” आणि त्याने भामरेला हाक मारली.

भामरे चप्पल फटफटवत आला. धाकटी खुपसली, अंगठा ओला केला, फोन पुसला. टिंग.

“काशिनाथ, बघ. हिरवं आलं.”

“घेऊ नकोस,” मी म्हटलं. “पाण्यात बुडबुडे आहेत. हे यंत्र पाणी वाचत नाही. हेड उघडावं लागेल.”

काशिनाथने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या हिरव्या खुणेकडे. मी त्याला काळ्या हातांनी एक वाईट बातमी देत होते. तिकडे फोनवर उजेड होता.

“ताई, दुसऱ्याच्या गाडीत जल्म गेला,” तो हळूच म्हणाला. “मशीन तर हो म्हनतंय.”

त्याने गाडी घेतली. मी त्याच्या जागी असते तर घेतली नसती, पण मी त्याच्या जागी नव्हते.

पुढे मग काय झालं ते सरळ आहे. काशिनाथची बायको सखू गाडीत पुढे बसायची, दोघं मिळून गावाकडचा माल गोळा करून नाशिकला आणायची. थोड्याच आठवड्यांत घाटात गाडीचा एक लाल दिवा लागायला लागला. इंजिन जास्त तापलं की तो लागतो, आणि त्याबरोबर कंप्युटर आपणहून इंजिनाचा जोर कमी करतो, म्हणजे गाडी रांगायला लागते आणि इंजिन वाचतं. काशिनाथ तो दिवा घेऊन भामरेकडे आला. माझ्याकडे यायची त्याला लाज वाटली, हे त्याने नंतर सांगितलं. मी नको म्हटलेली गाडी घेतली होती ना.

भामरेने काय केलं? पाणी बघितलं नाही. बॉनेटला हात लावला नाही. मधली जोडली, घाटासाठी म्हणून वाघ टाकला आणि जाता जाता तापमानाचा इशारा आणि जोर कमी करायची ती सोय, दोन्ही फाईलमधून बंद करून टाकली. दिवा त्रास देत होता, दिवा काढला. मी तेव्हा समोरच बेंचवर एका ट्रॅक्टरचा पंप खोलून बसले होते. मला काहीच कळलं नाही, फक्त पेढा आला. मी तो डब्याच्या झाकणावर ठेवला आणि विसरले. मुंग्यांनी खाल्ला.

कैरीच्या दिवसांत सावळघाट चढताना ते इंजिन धरलं. कैरीने भरलेली गाडी, वाघाचा जोर, आणि इशारा द्यायला कुणी नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये जागच्या जागी चिकटले. चढावर इंजिन एकदम बंद पडलं की स्टिअरिंग दगड होतं, ब्रेक एकदोन दाबांपुरताच नीट लागतो. गाडी मागे घसरली. काशिनाथ मुरलेला ड्रायव्हर. त्याने दरीकडची बाजू सोडून डोंगराकडच्या गटारात मागचं चाक घातलं. गाडी कलंडून डोंगराला टेकली. सखूचा हात दारात सापडून मोडला. कैऱ्या खालच्या वळणापर्यंत गेल्या. मागून येणाऱ्या गाडीवाल्यांनी दोघांना बाहेर काढलं.

टोचन करून गाडी लायनीत आणली तेव्हा सगळे काम सोडून जमले. सखू सोबत आली होती, हाताला प्लास्टर, गळ्यात झोळी. तिला मी माझ्या दारात क्रेट उपडं घालून बसवलं आणि पाणी दिलं. गाडीखाली तेल आणि पाणी एकत्र गळत होतं, त्याचा दुधी चहासारखा रंग झाला होता. त्यावरूनच कळत होतं. लायनीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं.

आणि भामरे आला. हातात धाकटी.

मला वाटलं, असं करणार नाही. इतकं कुणी करत नाही. पण तो गर्दीतून वाट काढत केबिनमध्ये वाकला, धाकटी खाचेत खुपसली, चावी फिरवली. बॅटरी जिवंत होती. अंगठा जिभेवर गेला, फोनवर फिरला. टिंग.

“हे बघा,” तो सगळ्यांना फोन दाखवत म्हणाला. “एकही फॉल्ट नाही. गाडी ओके आहे.”

तो थट्टा करत नव्हता. लोकांना वाटतं भामरे लबाड होता. लबाड माणूस अशा वेळी पळून जातो. हा खरोखर हायसं वाटून उभा होता. त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. गळणारं तेल त्याच्या स्वच्छ चपलेपाशी आलं तेव्हा त्याने पाय तेवढा मागे घेतला.

सखू क्रेटवरून म्हणाली, “मंग ती उठत का नाय?”

मग रफीकभाई म्हणाले, “भामरेसाहेब, मय्यत का रिपोर्ट भी नॉर्मल आया क्या?” दोघंतिघं हसले. भामरेही हसला. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन उतरवून उघडलं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नांगर चालवल्यासारखे चरे होते, हेडला बोटभर चीर. मी भामरेला बोलावलं.

“या. बघा हे.”

तो दारात उभा राहिला, हात पाठीमागे.

“आत या ना. हात लावून बघा.”

“ताई, हे मेकॅनिकल आहे,” तो समजावणीच्या सुरात म्हणाला. “माझं सॉफ्टवेअरचं काम.”

“इशारा तुम्ही बंद केला.”

“त्याला दिव्याचा त्रास होत होता. कस्टमरने सांगितलं, मी केलं.”

“दिव्याचा त्रास नव्हता त्याला. इंजिन तापत होतं.”

“तसं असतं तर मशीनमध्ये आलं असतं ना,” तो म्हणाला.

म्हणजे आधी ते सांगणारी तोंडं स्वतः शिवायची आणि मग म्हणायचं की कुणी काही बोललं नाही. मी त्याला जा म्हटलं. त्या दिवसापासून त्याचा पेढा मी दारातूनच परत पाठवत राहिले.

त्याचं काही वाकडं झालं असं वाचायची कुणाला आशा असेल तर ती सोडा. लायनीतल्या लोकांनी बोलणं कमी केलं, चहाच्या वेळी त्याच्यासाठी कुणी सरकेना, तसा त्याने गाळा सोडला आणि ओझरच्या बाजूला हायवेला मोठं दुकान टाकलं. बोर्डवर पंजा उगारलेला वाघ आहे. गाड्या रांगेत उभ्या असतात. जाताना तो कॅन टेबलाखाली तसाच ठेवून गेला. तो मीच काठीने ढकलत नाल्यापर्यंत नेला, कारण नव्या भाडेकरूला ते दाखवणं मला बरं वाटेना.

काशिनाथच्या गाडीत भंगारातल्या एका गाडीचं चांगलं इंजिन बसवलं. इंजेक्टर मी केले. फुकट केले नाहीत, फुकट मी कुणाचं करत नाही. पण रांगेतल्या बाकीच्या कामांच्या आधी केले. मग प्रश्न उरला डबीतल्या वाघाचा. तो काढून कंपनीची मूळ फाईल टाकायची तर ती फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. काशिनाथ म्हणाला, “ताई, तिथं काचा लय हायेत.” म्हणून मी बरोबर गेले. इंदिरानगरला माझं घर आहे, तिथून ते जवळच.

गारेगार हॉल, सोफे, कॉफीचं यंत्र. आणि सोफ्यावर, पाय जोडून, विलास भामरे.

मला पाहून तो उठला. “ताई! या, बसा.” खुर्ची पुढे करायची सवय तिथेही सुटली नव्हती. काशिनाथ माझ्या मागे उभा होता. भामरेने त्याला ओळखलं आणि मान हलवली. काशिनाथनेही नमस्कार केला. सवयीने.

“तुम्ही इथे कसे?” मी विचारलं.

“गाडी सर्व्हिसिंगला दिलीये. उद्या सप्तशृंगीला निघालोय घरच्यांना घेऊन.”

“डिझेल?”

“डिझेलच.”

“मग कोणती टाकलीये? स्पेशल की वाघ?”

“छे छे,” तो म्हणाला. दचकल्यासारखा. “तिच्यात काही टाकलेलं नाही ताई. कंपनीची आहे तशी. घरची माणसं बसतात तिच्यात.”

माझ्या मागून काशिनाथ म्हणाला, “आमचीबी बसतात, साहेब.”

त्यात टोमणा नव्हता. काशिनाथला टोमणे येत नाहीत. त्याने फक्त सांगितलं. भामरेने खिशातून फोन काढला आणि उगाच बघत बसला. अंगठा तोंडापर्यंत गेला, मग त्याला हॉल आठवला असावा, तो त्याने पँटला पुसला.

काउंटरवरच्या मुलीने त्याचं नाव पुकारलं. तो गेला. तिने त्याच्यापुढे स्क्रीन वळवली.

“सर, तुमची गाडी रेडी आहे. स्कॅन केलंय, एकही फॉल्ट नाही.”

भामरेने स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. काउंटरवर पुढे वाकून, हळू आवाजात, पण आम्हाला ऐकू येईल इतपत, तो म्हणाला, “नुसतं मशीनवर जाऊ नका हो मॅडम. घाट चढायचाय. आत कुणीतरी मेकॅनिक असेल ना, त्याला बॉनेट उघडून, नीट हात लावून बघायला सांगा. मी थांबतो.”

आणि तो परत येऊन सोफ्यावर थांबला.